भिंतीकडची बाजू

माझ्या धाकट्या भावाने माझ्याच घरात, माझ्याच टेबलाशी बसून माझा पिवळा रंग हिरव्याखाली गाडला, आणि वर मलाच विचारलं, ताई, चहा टाकू का?

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते मला त्या संध्याकाळी नीट कळलं. पण आधी सगळं सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, अडुसष्ट वर्षांच्या बाईला एका खेळण्यावरून एवढा राग कशाला.

भाऊ आगगाड्यांची मॉडेलं करतो. हे वीतभर लांबीचं डिझेल इंजिन त्याने आठ महिने खपून केलं होतं. चारशे सतरा नंबरचं. त्या नंबरचं खरं इंजिन होतं, अजून आहे, आणि ते मी रंगवलं होतं. म्हणजे अर्धं मी रंगवलं होतं, आणि सगळं रामायण त्या अर्ध्याचं आहे.

मी इंजिनांच्या कारखान्यात रंगशाळेत सव्वीस वर्षं काढली. वडील गेल्यावर त्यांच्या जागी लागले. माझं काम पट्ट्यांचं. अंगाचा रंग बाकीचे मारायचे, तो वाळला की मी लांब केसांचा ब्रश घेऊन जायचे. करंगळी पत्र्याला टेकवायची, श्वास धरायचा आणि एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत सुटायचं. चिकटपट्टी मी जन्मात लावली नाही. लोक मला पट्टेवाली म्हणायचे आणि हसायचे, कारण पट्टेवाला म्हणजे साहेबाच्या दाराशी स्टुलावर बसणारा शिपाई. मीही हसायचे. शिपायाला पट्टा साहेब देतो, माझा मी ओढते.

ओढायचे मात्र दुसऱ्याच्या डोक्यातले. कुठला रंग, किती रुंद, कुठे वळणार, सगळं वरून ड्रॉइंगमध्ये येई. सव्वीस वर्षांत माझ्या डोक्यातून निघालेली एकच गोष्ट पत्र्यावर चढली, ती चारशे सतरावर.

झालं असं की सगळ्या डिझेल इंजिनांना नवं रूप द्यायचं ठरलं. वरून हुकूम आला, दोन नमुने तयार ठेवा, मोठे साहेब येऊन एक निवडतील. नमुने दाखवायची आमची पद्धत जुनीच: एकाच इंजिनाच्या दोन बाजूंना दोन रंग काढायचे, साहेब भोवती एक फेरी मारतो आणि बोट दाखवतो. पहिला नमुना आमच्या फोरमनचा, गडद हिरवा आणि त्यावर दोन सरळ पांढरे पट्टे. दुसरा कुणाकडेच नव्हता. माझ्याकडे होता. रंगाच्या मागणीच्या चिठ्ठीमागे मी कधीची एक आकृती काढून ठेवली होती: अंग पिवळंधमक, आणि एक डाळिंबी पट्टा, पुढच्या केबिनच्या खिडकीखाली हातभर रुंद, तिथून उतरत उतरत मागच्या टोकाला बोटाएवढा. उभं असलं तरी इंजिन निघाल्यासारखं दिसावं म्हणून. फोरमनने नाक मुरडलं, पण हुकमात दोन आकडा होता आणि हातात एकच नमुना होता, म्हणून गप्प बसला.

आमच्या रंगशाळेत डावी-उजवी नव्हती. यार्डाची बाजू आणि भिंतीची बाजू, एवढंच. यार्डाची बाजू फोरमनने घेतली. मला भिंत. इंजिन आणि भिंत यांच्यामध्ये जेमतेम दीड हात जागा. काम कसं दिसतंय ते पाहायला चार पावलं मागे जावं तर पाठीला विटा लागायच्या. चौदा दिवस मी ते इंजिन नाकासमोर धरून रंगवलं आणि एकदाही पूर्ण पाहिलं नाही.

मोठे साहेब आले. नुकतं यार्ड धुतलं होतं आणि त्यांचे बूट नवे होते. दारातूनच त्यांनी हिरवी बाजू पाहिली, म्हणाले, छान आहे, हेच ठेवा, आणि गेले. फेरी वगैरे काही नाही. मी भिंतीपाशी हात पुसत उभी होते. कुणीतरी येईल म्हणून पंधरा मिनिटं तशीच उभी राहिले.

पुढचा विनोद कारकुनांचा. हुकूम निघाला तो असा: मंजूर रंग उरलेल्या सर्व इंजिनांना द्यावा. चारशे सतरा उरलेल्यांत नव्हतं. रजिस्टरात त्याच्यासमोर लिहिलेलं होतं, हिरवा नमुना, रंगकाम पूर्ण. आता पूर्ण झालेल्या इंजिनाला पुन्हा रंग कोण देणार आणि कुठल्या चिठ्ठीवर? तेव्हा चारशे सतरा एका बाजूने हिरवं आणि एका बाजूने पिवळं, असं चार वर्षं धावलं.

आमच्या गावातून रूळ पूर्व-पश्चिम जातात. स्टेशन दक्षिणेला, आमचं घर रुळांच्या उत्तरेला. या इंजिनाला दोन्ही टोकांना केबिन, त्यामुळे ते फिरवायची कधी गरजच पडली नाही. स्टेशनकडच्या लोकांनी चार वर्षं हिरवं इंजिन पाहिलं आणि आमच्याकडच्यांनी पिवळं. न्हाव्याच्या दुकानात त्यावरून हमरीतुमरी व्हायची. आई मागच्या दारी कपडे वाळत घालताना म्हणायची, तुझी पिवळी गेली बघ, साडेदहा झाले. मी ते इंजिन पहिल्यांदा पूर्ण पाहिलं ते तिथूनच, ओल्या चादरीच्या वरून. पट्टा खरंच निघाल्यासारखा दिसत होता. मी रडले होते, लपवत नाही.

मग चार वर्षांनी सरसकट राखाडी रंगाचा हुकूम आला आणि दोन्ही बाजू झाकल्या गेल्या. पुढे इंजिन म्हातारं झालं आणि संग्रहालयाच्या शेडमध्ये जाऊन बसलं.

आता पुरावेकाका. यांचं खरं नाव त्यांच्या बायकोलाही आठवत असेल की नाही, शंका आहे. मॉडेलवाल्यांच्या मंडळाचे हे प्रमुख, दरवर्षीच्या स्पर्धेचे परीक्षक, आणि संग्रहालयाचे सल्लागारही तेच. कुणी काहीही म्हटलं की हे चष्मा पुसतात आणि विचारतात, पुरावा? तरुणपणी रुळांकडेला उभं राहून यांनी हजारो फोटो काढले. चारशे सतराचे त्या चार वर्षांतले एकशे बारा फोटो यांच्याकडे आहेत. सगळ्यांत इंजिन हिरवं, कारण ऊन पाठीशी घेऊन फोटो काढायचा हा त्यांचा नियम, आणि आमच्याकडे ऊन दक्षिणेचं. सावलीतल्या बाजूला जाऊन फिल्म कोण वाया घालवणार?

भाऊ आपलं मॉडेल त्यांना दाखवायला घेऊन गेला. एक बाजू हिरवी, एक पिवळी, माझ्याकडून विचारून विचारून काढलेला डाळिंबी पट्टा. पुरावेकाकांनी ते फिरवून पाहिलं आणि म्हणाले, ही बाजू काल्पनिक आहे. स्पर्धेत ठेवायचं असेल तर दुरुस्त करा, नाहीतर लहान मुलांच्या कल्पना विभागात ठेवा. भाऊ घरी आला आणि त्याने दुरुस्त केलं.

भाऊ आईचं शेंडेफळ, माझ्याहून एकोणीस वर्षांनी लहान. त्याला मी कडेवर खेळवलंय. कुणाला नाही म्हणणं त्याला कधी जमलं नाही. शाळेत त्याचा डबा दुसरेच खायचे.

मी विचारलं, "हे काय केलंस?"

"ताई, त्यांच्याकडे एकशे बारा फोटो आहेत. आपल्याकडे काय आहे? चिठ्ठीमागची तुझी आकृतीसुद्धा कधीच हरवली."

"तुझे डोळे आहेत. तू आईच्या पदराला धरून मागच्या दारात उभा असायचास."

त्याने ब्रश पुसला. मग म्हणाला, "मी चार-पाच वर्षांचा होतो गं. आता मला ते इंजिन आठवतं की तू सांगितलेलं आठवतं, मला खरंच कळत नाही."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. आई राहिली नाही, फोरमन राहिला नाही, न्हाव्याचं दुकान मोडलं. पिवळं इंजिन पाहिलेली मी एकटीच उरले होते, आणि ज्याला मी ते कडेवर घेऊन दाखवलं, त्याचाही भरवसा राहिला नव्हता. मी गेले की पिवळा गेला. त्या रात्री मी जेवले, छान झोपले, आणि सकाळी उठून पिशवी भरली. पाण्याची बाटली, फडकं, आणि पाणी मारून रंग घासायचा वॉटर पेपर, जाड, मध्यम, बारीक.

त्या दिवशी दहा वाजता संग्रहालयात बैठक होती. खऱ्या चारशे सतराला पुन्हा रंग द्यायचा होता आणि कुठला, ते त्या दिवशी ठरायचं होतं. ठरायचं कसलं, दोन्ही बाजू हिरव्या हे पुरावेकाकांनी कागदावर लिहूनच आणलं होतं. भावाला मी म्हटलं, पिशवी घे आणि चल. तो आला. न येणं त्याला जमत नाही.

शेडमध्ये इंजिन उभं होतं. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला लोकांना पाहायला मोकळी जागा आणि दोरी. संग्रहालयाच्या बाई तरुण होत्या, बोलायला गोड. त्यांनी मला खुर्ची दिली. पुरावेकाकांनी टेबलावर अल्बम मांडला, शेजारी रजिस्टरच्या पानाची प्रत. माणूस वाईट नाही हो. नाही म्हणायच्या आधी चष्मा पुसतो, एवढी सभ्यता आजकाल कुणाकडे असते? त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं. रजिस्टर हिरवं म्हणतंय, फोटो हिरवं म्हणतायत, आणि तुमच्या भावनांचा आदर आहे.

"पण आठवणीला कागदाचा आधार लागतो, ताई."

"कागद आणलाय की," मी म्हटलं आणि पिशवीतून वॉटर पेपर काढला.

बाईंना समजावलं. रंगशाळेत जुना रंग घट्ट असेल तर तो कुणी खरवडून काढत नाही, घासून त्यावरच नवा चढवतात. चारशे सतराचे सगळे जन्म त्याच्या अंगावर आहेत, एकावर एक. तळहाताएवढी जागा घासू द्या. नाहीतरी रंग देण्याआधी तुम्ही सगळं घासणारच आहात. हातच्या काकणाला आरसा कशाला? बाईंनी पुरावेकाकांकडे पाहिलं, पुरावेकाकांनी चष्मा पुसला, आणि मग दोघेही हो म्हणाले.

मी उठले आणि तडक भिंतीकडच्या बाजूला गेले. पाय आपोआप तिकडे वळले. इंजिन आणि भिंत यांच्यामध्ये इथेही तेवढीच जागा, पाठीला तशाच विटा. पाणी मारलं आणि घासायला लागले. आधी राखाडी. त्याखाली अस्तराचा प्रायमर, मळकट पांढरा. हाताला सवय होती पण खांद्याला वय झालं होतं. दहा मिनिटांनी प्रायमर विरळ झाला आणि खालून रंग वर यायला लागला.

हिरवा.

पुरावेकाका हसलेही नाहीत, आणि त्यामुळे जास्तच लागलं. मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा भीती. माझ्या डोक्यात पंचेचाळीस वर्षं एक इंजिन धावत होतं, ते कधी नव्हतंच की काय? मी वेड्यासारखी घासतच राहिले. हिरव्याच्या कडेला पांढरा लागला. त्या पांढऱ्याच्या कडेवर माझं बोट अडलं.

बारीकशी धार होती. नखाला लागेल एवढीच. चिकटपट्टी लावून रंग मारला की रंग पट्टीच्या कडेला साचतो, पट्टी काढली की तिथे धार राहते. फोरमन पट्टीशिवाय रेघ मारूच शकायचा नाही. ही त्याची रेघ होती. ही त्याची बाजू होती. मग ती भिंतीकडे काय करत होती?

मी विचारलं, इंजिन इथे कसं आणलं? बाई म्हणाल्या, ट्रेलरवरून, रस्त्याने. शेडचं दार मागच्या बाजूला असल्याने ट्रेलर उलटा आत घेतला होता. मी कपाळावर हात मारला. इंजिन आयुष्यात पहिल्यांदा फिरलं होतं, आणि मी, पट्टेवाली, सव्वीस वर्षांची सवय लागलेली, बघितलं न बघितलं आणि भिंत शोधत गेले. कुठलं टोक कुठलं ते कळावं म्हणून केबिनखाली एक आणि दोन हे आकडे ठोकलेले असतात. ते पाहायची साधी अक्कल मला सुचली नाही. रागाच्या भरात कुणाला सुचते?

मी सांगितलं, चुकीची बाजू घासली, माझी बाजू ती, लोकांकडची. पुरावेकाका अगदी हळू म्हणाले की असं हवं ते सापडेपर्यंत घासत राहणं म्हणजे पुरावा नव्हे, एक भोक पुरे झालं. बाईंनी घड्याळ पाहिलं. लोकांना आत सोडायची वेळ होत आली होती. त्या म्हणाल्या, तुमचं म्हणणं आपण फाइलला लावून ठेवू. कारखान्यात सव्वीस वर्षं काढलेल्या माणसाला फाइलला लावणं म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. मी पुन्हा पेपर उचलला, पण उजवा हात खांद्याच्या वर जाईना. एवढं आयुष्य ज्या हाताच्या जोरावर काढलं, तोच ऐन वेळी असा तोंडाला पानं पुसतो.

तेव्हा भावाने माझ्या हातातला पेपर घेतला. इंजिनाला वळसा घालून तो पलीकडे गेला, दोरीखालून वाकून आत शिरला आणि पाणी मारलं.

पुरावेकाका म्हणाले, "असं केलंत तर तुमचं मॉडेल स्पर्धेत घेता येणार नाही."

"नका घेऊ," भाऊ म्हणाला. "ते चुकीचंच रंगवलंय मी."

एकोणपन्नास वर्षांत त्याने कुणाला उलट उत्तर दिल्याचं मी ऐकलं नव्हतं. ऊर भरून आला, पण त्याचं घासणं बघवेना. दोन बोटांनी गोल गोल, जणू वीतभर मॉडेल आहे. मी खुर्चीत येऊन बसले होते, तिथूनच ओरडले, हात मोकळा सोड, खऱ्या इंजिनाला गुदगुल्या होत नाहीत. त्याने तळहात सपाट टेकवला आणि अंगाचा भार टाकला. राखाडी गेला. मळकट पांढरा पातळ व्हायला लागला. बाई घड्याळ पाहायचं विसरल्या. दाराबाहेर लोक जमले होते, ते काचेला नाक लावून बघत होते.

मग पिवळा आला. आधी डाग, मग रुपयाएवढा, मग बशीएवढा. इतकी वर्षं अंधारात राहून तो जराही मळला नव्हता. भाऊ थांबला नाही. तो खाली सरकत गेला आणि पिवळ्याच्या पोटातून डाळिंबी कड निघाली, तिरकी, उतरती. भावाने त्या कडेवरून बोट फिरवलं, दोनदा. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "ताई, धार नाहीये."

पुरावेकाका आले. गुडघ्यावर बसायला त्यांना वेळ लागला. भिंग काढलं, पिवळा पाहिला, कड पाहिली, तिचा कोन मोजला, पुन्हा मोजला. मी म्हटलं ना, माणूस वाईट नाही. उठले तेव्हा त्यांचा चष्मा हातातच होता आणि पुसायचा राहून गेला होता.

"मी या बाजूला कधी आलोच नाही," ते म्हणाले. "ऊन पाठीशी हवं म्हणून."

बाईंनी तिथल्या तिथे ठरवलं, दोन्ही बाजू जशा होत्या तशा करायच्या. एवढ्यावर मी घरी गेले असते. पण पुरावेकाकांना व्यवस्थेची फार आवड. त्यांनी सुचवलं की मंजूर झालेला रंग शेवटी हिरवाच, तेव्हा क्रेन बोलावून इंजिन फिरवून घ्यावं. हिरवी बाजू लोकांकडे, पिवळी भिंतीकडे. पाटीवर पिवळीचा उल्लेख करू.

उल्लेख. मी खुर्चीतून उठले आणि दोरी ओलांडून इंजिनाला पाठ लावून उभी राहिले.

"माझी पिवळी एकदा भिंतीकडे उभी केलीत, तेव्हा मी बोलले नाही, कारण मी तेवीस वर्षांची होते आणि नोकरी नवी होती," मी म्हटलं. "आता ती फिरणार नाही. या पट्ट्याचं ड्रॉइंग कुठेही नाही. तो माझ्या हातात आहे, आणि इंजिन फिरलं तर हात माझ्याबरोबर घरी जाईल."

नाक दाबलं की तोंड उघडतं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, त्या बशीएवढ्या पिवळ्याकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, राहू दे अशीच. ट्रेलर उलटा आत घेणाऱ्या त्या ड्रायव्हरचं मी मनातल्या मनात सात पिढ्यांपर्यंत भलं चिंतलं.

मग दार उघडलं आणि लोक आत आले. पुरावेकाकांनी कॅमेरा काढला. चारशे सतराच्या या बाजूचा हा पहिलाच फोटो, एकशे तेरावा. ते मागे गेले, पुढे आले, आणि मला म्हणाले की ताई, जरा बाजूला व्हा, नोंदीच्या फोटोत माणूस नसावा लागतो.

"नोंदीत माणूस नव्हता म्हणूनच हे सगळं झालं," मी म्हटलं. "काढा."

त्यांनी काढला. त्याची प्रत माझ्या घरी टेबलावर आहे, भावाच्या मॉडेलशेजारी. त्या मॉडेलच्या एका बाजूचा हिरवा त्याने परवा पूर्ण घासून काढला. फोटोत माझे डोळे मिटलेले आलेत आणि केस विस्कटलेत. पिवळा मात्र स्वच्छ आलाय.